झिऱ्याला लावलेली तीट

चाळीस मीटर कापड वाया गेलंय हे मला कळलं तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. साताऱ्याहून मुद्दाम आणवलेले कंदी पेढे. निम्म्या बायकांना वाटून झाले होते. उरलेल्यांचे पेढे बॉक्समध्येच राहिले आणि मी शेडच्या मधोमध उभी राहून ओरडायला लागले.

पण आधी आनंदाचं सांगते, कारण त्याआधीचे तीन आठवडे माझे पाय जमिनीवर नव्हते.

औंधात यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची शेड आहे. कापडावर हातानं छपाई करतो. नऊ वर्षं आम्ही काय काय छापलं ते विचारू नका. साखर कारखान्याच्या सभेच्या पिशव्या, पतसंस्थेचे रुमाल, निवडणुकीचे गमछे. एका निवडणुकीत तर मी एकाच पुढाऱ्याचा चेहरा अकरा हजार वेळा छापला. माझे यजमान वीरधवल फौजेत आहेत. ते सुट्टीवर आले तेव्हा म्हणाले, "संयोगिता, खरं सांग, तुला आता माझा चेहरा आठवतो का त्याचा?" मला हसू आलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर रडूही आलं. कारण मला कापड छापायचं होतं. बाई हौसेनं अंगावर घेईल असं कापड.

मग उत्कर्षा आली. ही माझी धाकटी जाऊ, माहेर कुंडलचं, कापडावरच्या डिझाइनचं रीतसर शिकलेली. सासरी आल्यावर चौथ्या दिवशी तिनं शेड बघितली आणि आठव्या दिवशी लॅपटॉप घेऊन तिथंच बसायला लागली. तिनं ऑस्ट्रेलियातलं एक केंद्र शोधून काढलं. तिथल्या आदिवासी बायकांनी मिळून चालवलेलं. त्या बायका आपल्या मुलखाची चित्रं काढतात, ती चित्रं हातानं कापडावर छापली जातात आणि जिचं चित्र तिचं नाव कापडाच्या काठावर छापतात, दर मीटरला एकदा. उत्कर्षानं त्यांना एकापाठोपाठ चौदा मेल पाठवल्या. मी रोज विचारायची, "आलं का गं राणीचं बोलावणं?" ती खाली मान घालून पुढची मेल लिहायची.

पंधराव्या मेलला उत्तर आलं. ती शेडमध्ये धावत आली ती चप्पल एकाच पायात घालून.

"ताई, चाळीस मीटर! नमुना म्हणून! पसंत पडलं तर वर्षभराची छपाई आपल्याकडं!"

मी तिला उचलून गरकन फिरवली. सोळा बायका हातातली कामं टाकून बघत राहिल्या. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की हे काम मिळालं तर पुन्हा कुणाचा चेहरा छापणार नाही, आणि नाही मिळालं तर शेडला कुलूप लावणार. हे मी मोठ्यानं बोलूनही दाखवलं. माझा स्वभाव असाच आहे, बोलून मोकळी होते आणि मग निस्तरत बसते.

चित्र आलं. काढणारीचं नाव मेव्हिस जेन, वय साठीच्या पुढचं. तांबड्या मातीच्या रंगावर पिवळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, त्यांतून वळत जाणारा एक रुंद पट्टा आणि पट्ट्यात एकात एक काढलेली वर्तुळं. एक मोठं, सहा लहान. मी म्हटलं, "छान आहे, पण हे आहे काय?" उत्कर्षानं सोबतचा कागद वाचला. पट्टा म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. वर्तुळं म्हणजे वाळूत हातानं खणून पाणी काढायच्या जागा.

"झिरं की ह्ये!" मागून आवाज आला.

ही बयाबाई. आमच्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली छापणारी. धनगराची, माहेर-सासर दोन्ही म्हसवडच्या बाजूला. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा गेल्यावर औंधात लेकीकडं आली आणि आमच्याकडं लागली. फ्रेम कापडावर ठेवून रबरी पट्टीनं रंग ओढायचा तर तिच्यासारखा सरळ हात कुणाचा नाही. लिहिता-वाचता येत नाही, पण ठिपका जागचा केसभर हलला तरी तिला दिसतो.

ती चित्रावर ओणवी झाली. "आवं वैनीसाब, माणगंगा उन्हाळ्यात आटली की आमीबी असंच उकरायचो. वाळू काढायची, हात घालायचा, गार लागलं की थांबायचं. मग पानी आपुआप येतंय. ही बाई कुठली म्हनायची?"

"ऑस्ट्रेलियातली."

"तिकडं बी नद्या आटत्यात व्हय?" असं म्हणून तिनं मोठ्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

चित्रासोबत अटींचं एक पान होतं. उत्कर्षानं ते सगळ्यांना मराठीत सांगितलं. चित्र मेव्हिस जेन यांचं आहे आणि त्यांचंच राहील. एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. उरलेलं कापड विकायचं नाही. नाव दर मीटरला आलंच पाहिजे. बायकांनी माना डोलवल्या. बयाबाईनं फक्त एक शंका काढली.

"काठावर नाव छापून काय उपेग? शिंपी पयला काठच कापतोय. न्हाईतर आत दुमडतोय."

"त्यांची पद्धत आहे ती," मी म्हटलं. "आपण छापायचं."

चार रंगांच्या चार फ्रेमा, नावाची पाचवी. काळा रंग फक्त नावाला. ही शेवटची फ्रेम मी बयाबाईकडं दिली, कारण शेवटी हात हलला तर आधीचं सगळं मातीत. आणि काय सांगू, पहिला मीटर उतरला तेव्हा सगळ्या जणी टेबलाभोवती गोळा झाल्या. मग हरणाबाईनं शिट्टी मारली. पन्नाशीची बाई, दोन बोटं तोंडात घालून! आम्ही दुपारचे डबे विसरलो. रस्त्यानं देवीला निघालेल्या बायकांना मी हाका मारायची, त्या आत डोकावायच्या आणि पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. "कुठल्या दुकानात मिळंल?" असं विचारायच्या. मी ऐटीत सांगायची, "हे इथं मिळत नाही. हे परदेशी चाललंय." चाळीस मीटर पाच दिवसांत झाले. सोमवारी तपासायचं, शुक्रवारी सांगलीहून कुरिअर. सोमवारी सकाळी मी पेढे आणले.

आणि उत्कर्षा तपासणीच्या टेबलाशी वाकलेली होती ती सरळ झाली. "ताई, इकडं या."

मोठ्या वर्तुळाशेजारी एक काळा ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा.

"थेंब पडला असेल," मी म्हटलं.

तिनं कापड पुढं ओढलं. दुसऱ्या मीटरलाही होता. तिसऱ्यालाही. त्याच जागी, तेवढाच. थेंब काय असा मापून पडतो? चाळीसच्या चाळीस मीटर, प्रत्येकावर एक. मी शेडच्या मधोमध जाऊन ओरडले.

"कुणी केलं हे?"

"म्या," बयाबाई पेढा खात म्हणाली. "तीट लावली."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. अक्कल काढली, वय काढलं, नऊ वर्षांचं मीठ काढलं. एक रेघ जास्त नाही हे कानात शिरलं नव्हतं का, असं विचारलं. ती शांतपणे उभी होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. मी दमल्यावर ती बोलली.

"रेघ कुठं वडली? तीटच लावली. ल्योक देखना असला की आपन लावतोच का न्हाई? मग तीट म्हंजे काय त्येचा नाकडोळा व्हय?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मी वळून बघितल्यावर गप्प झालं.

"रस्त्यानं जाणारी परत्येक बाई बगत हुती," ती म्हणाली. "तुमी समद्यास्नी हाका मारमारून दावत हुता. माज्या सासऱ्यानं एका सालाला झिरा काडला. आसं पानी, वैनीसाब, शंभर मेंढरं पिऊन बी वाटीभर कमी न्हाई. आख्खं गाव बगाय आलं. आठ दिसांत आटला. तवा तीट लावाय कुनी न्हवतं. हिकडं मी हुती."

मी एकदम खाली बसले. तिला कुठल्या तोंडानं रागावणार? ज्या कौतुकानं मी रस्त्यावरच्या बायकांना बोलावलं त्याच कौतुकापायी तिनं बोट काळ्या रंगात बुडवलं होतं.

पण कापडाचं काय? मी रागातून बाहेर आले ती सरळ लबाडीत शिरले. "पाठवून देऊ," मी म्हटलं. "एवढ्या ठिपक्यांत एक ठिपका. कुणाला कळतंय?"

"जिनं काढलंय तिला?" उत्कर्षा म्हणाली.

"मग सांगू, छपाईत आला. हातकाम आहे, होतं असं."

बयाबाई मधेच बोलली. "तिलाच इचारा की. पानी तिचं हाय."

उत्कर्षानं फोटो पाठवला, खाली खरं ते लिहिलं, आणि अर्ध्या तासात पलीकडून निरोप आला की मेव्हिस जेन यांना समोरासमोर बोलायचंय. आम्ही फोन रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला. मागं सोळा बायका दाटीवाटीनं.

तिकडं दुपार होती. एका झाडाखाली खुर्चीवर एक जाड, सावळी बाई बसली होती, पांढरे केस, पायाशी कुत्रं. शेजारी तिची भाची ट्रेसी. मेव्हिस त्यांच्या भाषेत बोलणार, ट्रेसी इंग्रजीत सांगणार, उत्कर्षा मराठीत. आमच्या बाजूनं तोच प्रवास उलटा. मेव्हिसनी फोटो डोळ्यांजवळ धरून खूप वेळ बघितला. मग त्या चार-पाच शब्द बोलल्या. ट्रेसीनं सांगितलं. उत्कर्षा गोंधळली, तिनं पुन्हा विचारून खात्री केली.

"त्या विचारतायत," ती आमच्याकडं वळून म्हणाली, "तिथं पाणी कुणाला लागलं?"

आम्हाला काही समजेना. बयाबाईचा चेहरा मात्र उतरला.

"तितं पानी न्हाई?"

विचारणं गेलं, उत्तर आलं. नाही. तिथं खाली खडक आहे. पाण्याच्या जागा सातच. मेव्हिसना त्या आईनं चालत नेऊन दाखवल्या, आईला तिच्या आईनं. त्या मुलखात कुठं खणायचं ते घरातली पोरं अशाच चित्रांवरून शिकतात. हे कापड लांब कुठं गेलं तरी काही पोरी त्याचे झगे घालून तिथंच हिंडणार. आठवी जागा दाखवायचा हक्क मेव्हिसना स्वतःलाही नाही.

बयाबाई मटकन टेबलाच्या कडेला टेकली. इतकं मी ओरडले तेव्हा जी हलली नव्हती, तिनं आता कपाळावर हात मारून घेतला.

"आगं आई गं," ती म्हणाली. "खोटी जागा दावली म्या. खोट्या जागंला उकरत बसलं की मेंढरू मरतंय, वैनीसाब. म्या डोळ्यानं बगितलंय." मग फोनकडं वाकून, जणू पलीकडच्या बाईला मराठी येतं अशा आवाजात, ती म्हणाली, "बाई, चुकलं माजं. समदं परत छापती. ह्यातलं यकबी भाईर जायाचं न्हाई."

उत्कर्षानं सांगितलं. मेव्हिसनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं की ठिपका लावलाच का. उत्कर्षा तीट समजावू लागली. बाळाच्या गालावर कसं काजळ लावतात, कशासाठी लावतात, गावच्या झिऱ्याला नजर लागली ती हकिकत. ते सगळं इंग्रजीत जाऊन त्यांच्या भाषेत पोचेपर्यंत मी यमाईचं नाव घेत होते. एकाएकी मेव्हिस हसायला लागल्या. पोट धरून. कुत्रं उठून उभं राहिलं. त्या ट्रेसीला काहीतरी हातवारे करून सांगत होत्या, फोटोवर बोट फिरवत होत्या.

"त्या म्हणतात, चित्राच्या आत नको," उत्कर्षाचा आवाज चढत गेला. "आत पाणी आहे, आतलं कुणी बदलायचं नाही. पण राखण हवी. काठावर लावा, माझ्या नावाच्या पुढं. राखण करणारं बाहेरच बसतं."

"व्हय की!" बयाबाई ओरडली. "कुत्रं मेंढवाड्याच्या भाईरच बसतंय! कुत्रं कवा मेंढरांत बसलंय का?"

हेही भाषांतर करून पाठवावं लागलं. त्यावर तिकडं पुन्हा हसणं. मग त्यांनी तीट लावणारीचं नाव विचारलं आणि पहिल्या झटक्यात म्हणाल्या, "बयाबाई."

"आवं, माजं नाव घेतलं!" ती वळून एकेकीला सांगायला लागली, जसं काही आम्ही तिथं नव्हतोच. "बगितलं का, माजं नाव घेतलं तिनं!"

सोमवार दुपार ते शुक्रवार सकाळ. कापड नव्हतं. उत्कर्षानं कुंडलला वडलांना फोन लावला. लालासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार, 'कशाला' म्हणून विचारायची पद्धत नाही. "किती मीटर, कुठं, कवा?" एवढंच. त्यांनी इचलकरंजीहून तसलंच सुती कापड उचललं आणि मंगळवारी सकाळी पिकअप आमच्या दारात. आम्ही ते धुतलं, वाळवलं, ताणलं. डाळ-भात शेडमध्येच शिजला. फ्रेमा चढल्या. कुणी कुणाला हाक मारून दाखवायला गेलं नाही. रस्त्याकडच्या खिडकीला बयाबाईनं चादर लावली. चादरीचं दुसरं टोक मी धरलं. हरणाबाईची शिट्टी तेवढी दर दहा मीटरला वाजत होती.

नावाची फ्रेम उचलली की बयाबाई बोट काळ्यात बुडवायची, काठावर नावापुढं टेकवायची आणि पुटपुटायची. काय पुटपुटायची ते मी विचारलं नाही. चाळीस वेळा. चाळिसावी लावून झाल्यावर तिनं बोट साडीला न पुसता तसंच ठेवलं.

मला माफी मागता येत नाही. जमतच नाही. मी सोमवारचा बॉक्स काढला, पेढे जरा कडक झाले होते, त्यातला एक तिच्या तोंडात कोंबला.

"शिळा हाय," ती म्हणाली.

"तुमच्यामुळंच शिळा झालाय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

आधीचे चाळीस मीटर तिनं स्वतः काळ्या रंगाच्या पिंपात बुडवले, पुन्हा पुन्हा, एकही झिरा ओळखू येईना तोवर. त्याचे आम्ही सोळा जणींचे एप्रन शिवले.

पार्सल गेलं. मग एकोणीस दिवस काही नाही. उत्कर्षा दर तासाला मेल बघायची. मी कुलूप कुठं ठेवलंय ते आठवायची. कारखान्याच्या पिशव्यांसाठी फोन आला तर मी "कळवते" म्हणून ठेवून दिला आणि मग स्वतःलाच शिव्या दिल्या. बयाबाई रोज येऊन रिकामं टेबल पुसायची.

विसाव्या दिवशी सकाळी उत्कर्षा आली ती दोन्ही पाय अनवाणी. तिनं फोन माझ्या हातात दिला. दोनशे मीटरची मागणी होती, पुढच्या वर्षासाठी आणखी तीन बायकांची चित्रं होती, आणि खाली एक ओळ. उत्कर्षानं ती मोठ्यानं वाचली. "तीट विसरू नका."

मी किंचाळले. शेजारच्या गिरणीतून माणसं धावत आली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी नाचलं, हरणाबाईनं इतक्या जोरात शिट्टी मारली की रस्त्यावरची एसटी थांबली आणि कंडक्टरनं दार उघडलं. मी वीरधवलना फोन लावला आणि फक्त रडले. ते घाबरून विचारत राहिले की कोण गेलं.

या सगळ्यात बयाबाई बाकावर फोन घेऊन बसली होती. मेलसोबत एक फोटो होता. तेच झाड, तेच कुत्रं, आणि मेव्हिस उभ्या, आमच्या कापडाचा पायघोळ झगा घालून. सगळ्या जणी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. बयाबाईनं फोटो खाली सरकवला आणि बोटांनी मोठा केला.

झग्याचा काठ कुणी कापला नव्हता, आत दुमडलाही नव्हता. तळाशी तो बाहेर ठेवून शिवला होता. मेव्हिस जेन, आणि पुढं काळी तीट. पुन्हा मेव्हिस जेन, पुन्हा तीट.

तिनं एकेक तीट बोटानं मोजली. दोन दिसत होत्या.

"शिंप्यानं ठेवलाय वैनीसाब," ती म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि काळा रंग कालवायला उठली.